साडेनऊ माणसांची प्रार्थना

रविवार, २४ जुलै १९८८
पेण

शब्बाथला मी लेखणी धरत नाही, म्हणून शनिवारचं रविवारी लिहितो.

कालची प्रार्थना वेळेवर सुरू झाली. पुरुष दहा होते. आम्हां यहुदी लोकांत दहा पुरुष असल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही, सेफेर म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, तोराची गुंडाळी कपाटातून बाहेर काढता येत नाही, आणि गेलेल्या माणसासाठी कद्दीशही म्हणता येत नाही. माझ्या लहानपणी इथल्या प्रार्थनामंदिरात बाकं पुरत नसत. मग एकेक घर इस्रायलला गेलं. आता आम्ही नेमके दहा उरलो आहोत. एकाला सर्दी झाली की बाकीचे नऊ त्याच्या घरी काढा घेऊन जातात. प्रार्थना वाचणारा पगारी हज्जान ठेवण्याचे दिवस गेले, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी सुतार. गडबच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. हिब्रू वडिलांनी ओटीवर बसवून शिकवली.

काल एक गंमत झाली. माझे सासरे जेकबमामा यांना अलीकडे फारच कमी ऐकू येतं. मी आशीर्वाद म्हटला, सगळ्यांचं आमेन होऊन गेलं, सगळे गप्प झाले, आणि मग मामांचं एकट्याचं खणखणीत आमेन आलं. पुढच्या बाकावरून मंदिराचा कारभार बघणारे आमचे मुकादम रुबेनभाऊ मागे वळून म्हणाले, "आज आपण साडेनऊ. जेकबभाईंचं आमेन मागच्या गाडीने येतंय." सगळे हसले. मलाही हसू आलं. वाचणाऱ्याने हसणं बरं नाही म्हणून पुस्तक तोंडापुढे धरलं. मामा सगळ्यांकडे बघून थोडे हसले.

नंतर चहाला मात्र थांबले नाहीत. दमले असावेत. वय झालं.

रविवार, ३१ जुलै

काल मामा आले नाहीत. मी तयार होऊन पडवीत गेलो तर ते घरच्या बनियनवर बसलेले. त्यांचा मुलगा इस्रायलला गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. मी कानाशी वाकून ओरडलो, "मामा, चला, उशीर होतोय."

"गुडघा धरलाय."

"परवा बाजारातून तोंडली घेऊन चालत आलात ना?"

"परवाचा गुडघा वेगळा होता."

मंदिरात आम्ही नऊ जण बसून राहिलो. रुबेनभाऊ सारखे दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत होते. शेवटी ज्याने त्याने आपापल्यापुरतं हळू आवाजात म्हटलं. सेफेर कपाटातच राहिला. बिनयामिनच्या आईची काल तिथी होती. कद्दीश म्हणायला तो रात्रपाळी करून थेट आला होता. टोपी काढून खिशात घातली आणि घरी गेला. त्याच्या पाठीकडे बघवेना.

मंगळवार, २ ऑगस्ट

मामांचं कानाचं यंत्र माझ्या बायकोने, दीनाने ट्रंकेतून काढलं. गेल्या वर्षी रोह्याच्या शिबिरात मिळालं होतं. सदऱ्याच्या खिशात मावणारी डबी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला कानात घालायचं बटण. मंदिरात एकदाच लावून आले आणि ठेवून दिलं.

"का नाही लावत?" मी विचारलं. तीनदा विचारलं.

"त्याच्यात सगळंच कढईत पडल्यासारखं येतं. पंखा, चपला, खोकला. आणि त्यात तू पण कुठंतरी तळतोयस."

त्यांचंही खरं आहे. मंदिराचं छत उंच, फरशी दगडी. शहाबादी फरशीवर काठी टेकली तरी दोनदा ऐकू येते.

नंतर स्वयंपाकघरात दीना म्हणाली, "बाबांचे कान गेलेत. डोळे शाबूत हायत."

"मोतीबिंदू काढल्यापासून चांगलं दिसतं त्यांना," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि भात उतू चालला होता तो बघायला वळली.

रविवार, ७ ऑगस्ट

पुन्हा नऊ.

नव्याचा सण सप्टेंबरच्या बाराला आहे. आमचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं. त्या दिवशीसुद्धा सेफेर कपाटातच राहिला तर तसं पेणमध्ये पहिल्यांदाच होईल. रुबेनभाऊ म्हणाले, अलिबागकडून एक माणूस मागून आणू. मी म्हटलं, त्यांनाच पुरत नाहीत. मग ते जरा तापले. "मग तुझ्या सासऱ्याला सांग ना! नुसतं येऊन बसायचं तर हाय. ऐकू येवो न येवो."

घरी येऊन मी हे मामांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

देवाला सगळं ऐकू येतं याबद्दल मला शंका नाही. पण ज्याला काही ऐकू येत नाही त्याने दोन तास एका बाकावर बसून काय करायचं, हा विचार मी आजवर केला नव्हता.

गुरुवार, ११ ऑगस्ट

रोह्याला गेलो होतो. वरशाच्या रस्त्याला भाड्याच्या घरात कर्णबधिर मुलांची लहानशी शाळा आहे. तिथल्या कपाटाची दारं पावसाने फुगली होती. रंधा मारत बसलो होतो आणि समोर वर्ग चालू होता.

विमलबाई म्हणून शिक्षिका आहेत. त्या मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता बोलत होत्या. बोलणं अगदी साधं, आवाज चढवलेला नाही. तरी मागच्या रांगेतली मुलगी त्यांच्या पाठीला उत्तर देत होती. उच्चार मोडकातोडका, पण उत्तर बरोबर. मी रंधा खाली ठेवला.

मुलांच्या गळ्यात मामांसारख्याच डब्या होत्या. बाईंच्या गळ्यात माइक. आणि खाली, जमिनीला लागून, वर्गाच्या चारी भिंतींना एक बारीक वायर फिरवलेली.

मधल्या सुट्टीत मी विचारलं. बाईंनी एक डबी माझ्या हातात दिली. "हा काटा बघा, एम आणि टी. एमवर ठेवलं की डबीचा स्वतःचा माइक चालतो. तो जवळचं, लांबचं, हवं ते, नको ते, सगळंच घेतो. टीवर ठेवलं की तो माइक बंद. मग डबी फक्त या वायरीचं ऐकते, आणि वायर फक्त माझं."

"पण वायर भिंतीला आणि मुलं मध्ये बसलेली."

"वायरीच्या रिंगणात कुठंही बसा. लोहचुंबकाचं काम हाय ते. चिकटावं लागत नाय."

मी बटण कानाला लावलं. बाई वर्गाच्या पार त्या टोकाला गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "दादा, कपाटाचा खालचा कप्पा घासतोय अजून."

आवाज माझ्या डोक्यातच उमटल्यासारखा आला. वर पंखा फिरत होता, त्याचा आवाज त्यात नव्हताच. मी आधी कप्पा घासला, मग वायर कशी लावायची ते नीट विचारून घेतलं. वायर किती पातळ, वेढे किती आणि कशाच्या जवळून न्यायची नाही, हे त्यांनी कंटाळा न करता दोनदा सांगितलं.

येताना नागोठण्याला एसटी बराच वेळ थांबली. एरवी मी खाली उतरून चहा घेतो. आज जागेवरून हललो नाही, जणू त्याने गाडी लवकर सुटणार होती. घरी आल्याबरोबर मामांची डबी उघडली. एम आहे. टी पण आहे.

रविवार, १४ ऑगस्ट

रुबेनभाऊंना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "शब्बाथला वीज?"

"दिवे शुक्रवारी लावून ठेवतोच ना आपण? रात्रभर जळतात. तसंच हे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत चालू करायचं, शनिवारी तारे दिसल्यावर बंद. मध्ये कुणी हात लावायचा नाही."

"बल्ब माझं बोलणं धरत नाय, इझिकेल."

मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा."

"आज वायर. उद्या म्हणशील, टेपरेकॉर्डर ठेवू, दहावा माणूस कशाला पायजे!"

मी वाद घातला नाही. या बाबतीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं आणि भीतीही त्यांनाच जास्त वाटते. उलट कुणीतरी भिणारं असलेलं बरं, असं मला वाटतं.

बुधवार, १७ ऑगस्ट

रुबेनभाऊ सकाळीच माझ्या दुकानात आले. मी गणपतीचे पाट करत होतो. पेणमध्ये या दिवसांत सुताराला दुसरं काम नसतं. मूर्ती मूर्तिकारांची, पाट माझा. आमच्या वडिलांच्या वेळेपासून हे चालत आलंय. रुबेनभाऊ एका पाटावर बसले, भुशात काठीने रेघा मारल्या आणि म्हणाले, "मुंबईला धर्म जाणणाऱ्या दोघांना विचारलं. एक नको म्हणाला, एक चालेल म्हणाला. मी चालेलवाल्याचं धरतोय. पण मध्ये कुणी बटणाला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय."

लगेच कमळाकरकडे गेलो. तो लाउडस्पीकर भाड्याने देतो. त्याने मला दारातच हात जोडले.

"इझिकेलशेठ, चतुर्थी तोंडावर आलीय. माझा घरचा रेडिओसुद्धा बुक हाय."

"मोडका ॲम्प्लिफायर असला तरी चालेल."

"एक हाय. पण त्याला कर्णा नाय."

"कर्णा नकोच."

"कर्णा नको? मग ऐकणार कोण?"

"एक माणूस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "एका माणसासाठी! आमचं काम बघा, सगळ्या आळीला नको असलं तरी ऐकवायचं." मग सगळं समजून घेतल्यावर तो स्वतःच उत्साहात आला. जोडणी मीच करणार म्हणाला, तुम्ही सुतार माणूस, जाळाल.

मंगळवार, २३ ऑगस्ट

काल आणि आज वायर टाकली. कमळाकर दिवे-पंख्यांच्या वायरिंगला लागूनच नेत होता, खिळे तयार मिळतात म्हणून. विमलबाईंनी नेमकं तेच करू नका सांगितलं होतं, पण तो माझं ऐकेना. दीना मामांची डबी लावून बाकाबाकावर बसून बघत होती. माइकवर कमळाकर.

"वहिनी, येतोय आवाज?"

"येतोय. पण मीटरच्या भिंतीला घूं करतंय, भुंगा शिरल्यासारखं."

मग सगळी वायर काढून पुन्हा खाली फरशीला लागून टाकली. भुंगा गेला. कमळाकरने सवयीने पुन्हा माइक हातात घेतला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, गणपतीबाप्पा..." आणि जीभ चावली. दीना बाकावर हसून हसून वाकली. मी म्हटलं, चालू दे, आमच्या कमिटीच्या बैठकांत या भिंतींनी याहून पुष्कळ वाईट ऐकलंय.

सगळं जमलं. आता ज्याच्यासाठी केलं त्यालाच आणायचं राहिलंय. मामांना विचारलं तर म्हणाले, "मला सगळं पाठ हाय. ऐकून काय नवीन कळणार?"

शुक्रवार, २६ ऑगस्ट, दुपार

काल मामा आले! यंत्रासाठी नाही, भिंतीसाठी. मामा जन्माचे गवंडी. मंदिराचा आतला गिलावा त्यांच्या हातचा. मी सहज म्हटलं, खाली खिळे मारलेत, एकदोन ठिकाणी पापुद्रा निघाला. ते ताडकन उठले. गुडघ्याची आठवण दोघांनाही झाली नाही.

भिंतीभोवती वाकून वाकून त्यांनी प्रत्येक खिळा पाहिला आणि माझ्या सात पिढ्यांना सुतार म्हणावं का नाही यावर बोलले. मग दमून आपल्या बाकावर बसले. मंदिरात आम्ही दोघंच. मी डबी त्यांच्या खिशात घातली, बटण कानात दिलं, काटा टीवर केला आणि मेजावरच्या माइकपाशी जाऊन एक स्तोत्र वाचायला लागलो. रोजच्या आवाजात. कित्येक वर्षांत त्यांच्याशी मी रोजच्या आवाजात बोललो नव्हतो.

त्यांनी डोळे मिटले. मी पूर्ण वाचलं. ते डोळे उघडेनात म्हणून आणखी एक वाचलं.

मग म्हणाले, "तू वाक्याची शेवटं गिळतोस."

"मी?"

"तूच. इतकी वर्षं मला वाटायचं, माझे कान गेले."

"कान गेलेलेच आहेत, मामा."

"व्हय. पण सगळी चूक कानाची नव्हती."

परत येताना त्यांनी विचारलं, "रुबेन अजून पुढच्याच बाकावर बसतो का?" मी म्हटलं, तिथेच. "बरं," म्हणाले. बहुतेक माइकपासून कोण किती लांब बसतं ते बघत असावेत.

उद्या येणार आहेत. पांढरा सदरा दीनाकडून इस्त्री करून घेतला.

रविवार, २८ ऑगस्ट

कालचं कसं लिहावं ते कळत नाही.

शुक्रवारी सूर्य असतानाच ॲम्प्लिफायर चालू केला, मामांची डबी टीवर केली. काल सकाळी ते येऊन बसले. पुरे दहा. पहिल्या आशीर्वादाला मामांचं आमेन सगळ्यांच्या बरोबर आलं, तसं मागच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. माडीवर बायकांत दीना होती, तिच्याकडे मी मुद्दामच पाहिलं नाही. नाहीतर माझं वाचन तिथेच थांबलं असतं.

सेफेर काढायच्या आधी थोडी उसंत असते. तेव्हा रुबेनभाऊ उठून माझ्या मेजाशी आले. बोलताना त्यांची सवय कानाशी लागायची. हळूच म्हणाले, "आला एकदाचा. पण आता सांग, याला पुरता दहावा धरायचा, का अजून साडेनऊच? अर्धा माणूस नि अर्धी डबी!" आणि खांदे हलवून हसले.

माइक आमच्या दोघांच्या मध्ये होता. चालूच. शब्बाथ असल्याने तो बंद करायचा नाही, असं आम्ही दोघांनीच ठरवलं होतं.

मामा जागेवर उभे राहिले.

"रुबेन," ते म्हणाले, "उरलेला अर्धा इथं बसलाय. त्याला पण मोज."

कुणाला काही कळेना. आमचं कुजबुजणं दुसऱ्या कुणाला ऐकूच आलं नव्हतं. रुबेनभाऊंचा चेहरा वाळूसारखा झाला.

"गेल्या महिन्यात पण साडेनऊच म्हणालास. तेव्हा नुसतं दिसलं होतं. आज ऐकू आलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाच पुढं, इझिकेल. शेवटं नको गिळू."

माडीवर कुणीतरी फुस्सकन हसलं, मग सगळेच. रुबेनभाऊ सोडून. आणि मी सोडून. कारण गेल्या महिन्याचं ते हसणं मला आठवलं, आणि मी पुस्तकाआड काय लपवत होतो तेही.

घरी दीना म्हणाली, "डोळे शाबूत हायत म्हटलं होतं ना मी?"

म्हटलं होतं.

मंगळवार, ३० ऑगस्ट

बाबा पुन्हा मंदिरात गेले तर आमचे संदेष्टे एलियाहू हनावी यांच्या नावाने मलिदा करीन असा नवस दीनाने बोलला होता. आज केला. पोहे, गूळ, नारळ, वेलची, वर फळं. कमळाकरही आला आणि दोनदा मागून खाल्ला. रुबेनभाऊंना बोलावणं पाठवलं होतं. पोट बिघडल्याचा निरोप आला. या दिवसांत पाणी खराब असतंच.

मामा डबी लावून बसले होते. सगळ्यांना सांगत होते, "हळू बोला, हळू बोला," जणू बहिरे आम्हीच होतो.

रविवार, ४ सप्टेंबर

काल नऊ. मामा होते. रुबेनभाऊ नव्हते.

मुकादमाशिवाय आम्ही कधी बसलो नव्हतो. त्यांची काठी ठेवायची खुंटीसुद्धा रिकामी बघवत नव्हती. अंगात कणकण आहे असं त्यांची मुलगी सांगून गेली. मामा रिकाम्या पुढच्या बाकाकडे बघत राहिले. घरी येताना म्हणाले, "हे बरं यंत्र आणलंस. मी आत आलो नि तो भाईर गेला."

सण आता आठवड्यावर आला. मी रुबेनभाऊंकडे जायला निघालो होतो, पण दीनाने अडवलं. "तुम्ही जाऊ नका. तुम्ही काय बोलणार? पाण्याचं विचाराल."

शुक्रवार, ९ सप्टेंबर

काल मामा एकटेच रुबेनभाऊंकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पडवीत दीना वाट बघत होती.

"काय झालं, बाबा?" तिने कानाशी ओरडून विचारलं.

"चहा पातळ होता गो."

"ते जाऊं दे. काय म्हणाले ते?"

मामांनी खिशातली डबी काढली आणि तिच्यापुढे धरली. काटा टीवरच होता. शनिवारी मंदिरातून आल्यापासून डबी लावलीच नव्हती, म्हणून तो बदलायचा राहून गेला होता. रुबेनभाऊंच्या घरात कुठली वायर! एक अक्षरही ऐकू गेलं नसणार.

"अर्धा तास बोलला तो," मामा म्हणाले. "मध्येच मला कळलं काटा कुठं हाय ते. पण तो बोलत असताना खिशात हात कसा घालायचा? त्याला वाटलं असतं, मी आता ऐकायला लागलोय, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला असता."

"मग तुम्ही काय केलंत?" मी कानाशी वाकून विचारलं.

"मान हलवली. चांगलं बोलला असणार. शेवटी रडला." मग आम्हां दोघांना दटावून सांगितलं, "त्याला यातलं काय सांगू नका."

रुबेनभाऊ येणार की नाही, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते बोलले असतील, पण ऐकलंय कुणी?

बुधवार, १४ सप्टेंबर

आज गणेश चतुर्थी. सकाळपासून रस्त्याने गणपती चालले आहेत, माझे पाट मला लांबूनही ओळखू येतात. सणाचे दोन दिवस लिहायचं नव्हतं, म्हणून सोमवारचं आज लिहितो.

शनिवारीही रुबेनभाऊ आले नव्हते. रविवारी उन्हं असतानाच सगळं चालू करून ठेवलं. सोमवारी सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही गेलो. दाराशी मोजत उभं राहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मन मोजतच होतं. आठ झाले. मामा धरून नऊ. मी मेजाशी जाऊन पुस्तक उघडलं आणि पानं उगाच सरळ करत राहिलो. मग फरशीवर काठी दोनदा वाजली.

रुबेनभाऊ कुणाकडे न बघता आत आले, खुंटीला काठी लावली आणि पुढच्या बाकावर बसले. मी सुरुवात केली. वाक्याची शेवटं नीट उच्चारत होतो. आमेन एकत्र येत होतं. सेफेर काढला. बिनयामिनने दोन्ही हातांनी घेतला, पोराला घेतात तसा.

सेफेर परत कपाटात गेला आणि वीज गेली.

दोन दिवसांवर चतुर्थी, मूर्तींच्या कारखान्या-कारखान्यात दिवे लावून रंगकाम चाललेलं. वीज जाणारच होती. हे मला आधी सुचायला हवं होतं. पंखे थांबले. माझ्या आवाजाचा प्रतिध्वनी छताकडून परत यायला लागला. मामांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाचत होतो, थांबता येत नव्हतं. आशीर्वाद आला. सगळे आमेन म्हणाले. मामा आजूबाजूच्या तोंडांकडे बघत राहिले. मागच्या गाडीचं आमेनही त्यांनी म्हटलं नाही.

मला वाटलं, आता उठतील. त्यांनी बाकाच्या कडेवर हात टेकलाही होता.

तेव्हा रुबेनभाऊ आपल्या जागेवरून उठले. प्रार्थना चालू असताना मुकादम जागा सोडत नाही. ते चार बाकं मागे गेले आणि मामांशेजारी बसले. बोलून उपयोग नव्हता. मामांचा तळहात घेऊन आपल्या गुडघ्यावर ठेवला. पुढचा आशीर्वाद संपला तसं त्यावर बोटाने टकटक केलं. मामा म्हणाले, "आमेन." सगळ्यांच्या बरोबर. मग पुढच्याला टकटक. मग पुढच्याला.

बराच वेळ असं चाललं. मी वाचत होतो आणि मला काय वाटत होतं ते लिहिता येणार नाही.

मग वीज आली. पंखे गरगरायला लागले, ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला. पान उलटताना माझी बाही माइकला घासली, तशी मामांनी दचकून मान वर केली. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं, स्वच्छ. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात त्यांनी रुबेनभाऊंच्या गुडघ्यावरच राहू दिला.

प्रार्थना संपेपर्यंत रुबेनभाऊ त्या हातावर टकटक करत होते, एकदाही न चुकता. वीज आली हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. पंखा त्यांच्या डोक्यावरच फिरत होता, पण प्रार्थनेत माणूस हरवला की असं होतं.

मी त्यांना सांगितलं नाही.